आपटते की झुलते

“आपण ऑटोनंच जाऊ ना,” आई म्हणाली आणि पायरीवरच थांबली.

गाडी दारात उभी होती. एसी लावून मी ती दहा मिनिटं थंड केली होती, मागच्या सीटवर उशी ठेवली होती. मे महिन्यात नागपुरात सकाळी अकरानंतर ऑटोनं जाणं म्हणजे भट्टीच्या तोंडाशी बसणं. कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन आईला तीन महिने झाले होते. आठवड्यातून दोनदा तिला मानेवाड्याहून धंतोलीला फिजिओथेरपीला न्यावं लागे. त्या उन्हातसुद्धा तिला आमच्या गाडीपेक्षा ऑटो सुखाचा वाटत होता. हे मला फार लागलं.

गाडी माझ्या धाकट्या भावाची. तो नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा ती इथेच ठेवून गेला. पांढरी हॅचबॅक, सात वर्षं जुनी, बहात्तर हजार किलोमीटर चाललेली. पहिल्या वर्षाच्या पगारातून पैसे साठवून त्यानं ती खाली बसवून घेतली होती. लाल लोअरिंग स्प्रिंगा, मोठी अलॉय चाकं, कमी उंचीचे टायर. चाक आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटं जेमतेम जातील इतकी फट. सेमिनरी हिल्सच्या वळणांवर गाडी कशी रस्त्याला चिकटून जाते हे तो मला कौतुकानं दाखवायचा, आणि ते खोटं नव्हतं.

मी एकटी कॉलेजला जाताना मला ती कडक वाटायची, इतकंच. म्हणून आई तक्रार करायची तेव्हा मनात यायचं की ऑपरेशनचं दुखणं आहे, कुठल्याही गाडीत दुखणारच. हा माझा अन्याय होता. तिच्या बोलण्यात सगळं होतं, मी ते नीट ऐकत नव्हते.

ती दोन वेगळे शब्द वापरायची. गतिरोधकावर म्हणायची, “आपटली.” सिमेंटच्या सरळ रस्त्यावर म्हणायची, “झुलून रायली बघ.” मी दोन्हीचं भाषांतर एकाच शब्दात करत होते: कडक. आपटणं आणि झुलणं या सस्पेन्शनच्या, म्हणजे गाडीला चाकांवर तोलून धरणाऱ्या स्प्रिंगा-शॉकअपच्या, दोन वेगळ्या व्याधी आहेत. एकीवरचा इलाज दुसरीला वाढवू शकतो. झुलणाऱ्या गाडीला जास्त कडक शॉकअप, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारं नळकांडं, लागतो. आपटणाऱ्या गाडीला नुसता कडक शॉकअप लावला तर प्रत्येक बारीक उंचवटाही आत पोचायला लागतो.

पहिलं काम मी फुकटातलं केलं. पहाटे गाडी गार असताना टायरची हवा मोजली. चारही चाकांत ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). दाराच्या खांबावर कंपनीनं चिकटवलेल्या पट्टीवर ३३ लिहिलं होतं. चाकं बसवणाऱ्या दुकानदारानं भावाला सांगितलं होतं म्हणे, टायर पातळ आहेत, खड्ड्यात रिम वाकेल, हवा जास्त ठेवा. आमच्या उन्हाळ्यात ही सवय आणखी जड जाते. साधारण पाच-साडेपाच अंश तापमान वाढलं की टायरमधला दाब एक पीएसआयनं चढतो. पहाटेचे ४० दुपारी तापलेल्या रस्त्यावर ४५ च्या घरात जात असणार. हवा कमी केली तशी बारीक खरखर बरीच निवली. आपटणं आणि झुलणं मात्र जसंच्या तसं.

मग एका रविवारी मी शेजारच्या मुलाला गाडी चालवायला सांगितलं आणि आईच्या जागेवर, मागे डावीकडे, जाऊन बसले. खरं तर ही पहिलीच गोष्ट करायला हवी होती. चालवणारा दोन्ही चाकांच्या जोड्यांच्या साधारण मध्ये बसतो. गाडी पुढून-मागून वरखाली होते तेव्हा सगळ्यात कमी हलणारी जागा तीच. शिवाय स्टिअरिंग हातात असतं, खड्डा आधी दिसतो, अंग सावध होतं. मागे बसलेलं माणूस जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेलं असतं आणि त्याला काही कळायच्या आत धक्का खालून येतो. तुकडोजी पुतळ्याच्या अलीकडच्या एका गतिरोधकावर माझे दात एकमेकांवर आपटले. गाडीचा वेग वीससुद्धा नव्हता. मला पाठीचं काही दुखणं नाही, तरी मी हाताने सीट घट्ट धरली. इतक्या फेऱ्या आईनं हे सोसलं होतं आणि वर मला बरं वाटावं म्हणून शेवटच्या फेरीपर्यंत ऑटोचं नाव काढलं नव्हतं.

गतिरोधकांचंही एक सांगायला हवं. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, पसरट गोलाईचा सांगितला आहे. आमच्या वस्तीतले गतिरोधक रुंदीला हातभरही नाहीत, आणि उंचीला मात्र कुठे कमी नाहीत. असल्या उंचवट्यावर चांगली गाडीही हबकते. पण चांगली गाडी हबकते आणि सावरते. आमची दगडावर घण बसावा तशी थांबत होती.

झुलण्याचा छडा लावताना माझा रोजचा विषय कामी आला. मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. स्प्रिंगला टांगलेल्या वजनाची आंदोलनं मी फळ्यावर किती वेळा काढली असतील. तेच गणित दारात चार चाकांवर उभं होतं. त्या दिवशी मागे बसल्यावर मला जाणवलं की सिमेंटच्या रस्त्यावर गाडी सगळ्या वेगांना सारखी झुलत नाही. पंधरावर ठीक, पन्नासवर नुसती टक-टक. पण तिशीच्या जरा अलीकडे आली की पाळण्यासारखी उचलायला लागते आणि थांबतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, रस्ता मोकळा असताना, मी टेप घेऊन गेले आणि सिमेंटच्या दोन आडव्या सांध्यांमधलं अंतर मोजलं. साडेचार मीटर. पुढचा सांधा, परत साडेचार. फिरायला निघालेले एक आजोबा थांबून टेपचं दुसरं टोक धरायला लागले, काय मोजतेय हे न विचारता.

हे सांधे मुद्दाम ठेवलेले असतात, नाहीतर काँक्रीट आक्रसताना वाटेल तिथे तडकेल. पण प्रत्येक पट्टा उन्हानं थोडा वाकतो. दिवसा वरचा थर तापून मधोमध फुगवटा येतो, रात्री गार होऊन कडा वर उचलल्या जातात. डोळ्याला रस्ता सपाट दिसतो, चाकाला मात्र दर साडेचार मीटरवर एक हलकी लाट लागते.

आता गाडीचा स्वतःचा ठेका काढायचा होता. मागचा भाग दोघांनी जोर लावून खाली दाबला, सोडला, मोबाइलवर व्हिडिओ घेतला. शॉकअप चांगला असेल तर गाडी एकदा वर येते आणि जागेवर बसते. आमची पावणेदोन सेकंदांत तीनदा वरखाली झाली आणि मग कुठे विसावली. म्हणजे सेकंदाला साधारण १.७ हेलकावे. साडेचार मीटरला १.७ नं गुणलं तर सेकंदाला ७.७ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २८ किलोमीटर. त्या वेगाला रस्त्याची लाट आणि गाडीचा ठेका एक होतो. झोक्याला नेमक्या वेळी धक्का देत राहावं तसा रस्ता गाडीला झोका देत राहतो. तुकडोजी पुतळा ते मेडिकल चौक या टप्प्यात गर्दीमुळे मी नेमकी पंचवीस ते तीसच्या मध्येच चालवत असे. आईला सांभाळून, हळू न्यावं म्हणून. त्या आकड्याकडे बघून मी बराच वेळ ओट्यावर बसून होते.

हा ठेका मोडण्याचं काम शॉकअपचं. पुष्कळांना वाटतं की वजन शॉकअप पेलतो. वजन पेलते स्प्रिंग. शॉकअपच्या आत तेल भरलेलं असतं, दट्ट्याला बारीक भोकं असतात, आणि तेलाला त्या भोकांतून जबरदस्तीनं जावं लागल्यामुळे स्प्रिंगची ऊर्जा उष्णतेत जिरते. स्प्रिंग जितकी कडक, तितकी ती जोरात परत उसळते आणि तिला आवरायला तितका तगडा शॉकअप लागतो. भावानं स्प्रिंगा बदलल्या, शॉकअप मात्र गाडीसोबत आलेलेच ठेवले. ते मूळच्या मऊ स्प्रिंगसाठी बेतलेले, त्यात आता बहात्तर हजार किलोमीटर झिजलेले.

इथपर्यंत माझं मी आले. पुढे मिस्त्री हवा होता. रिंग रोडजवळ एक वयस्क मिस्त्री आहेत, तरुणपणी ट्रकचे पाटे बसवण्यात आयुष्य गेलेलं. कडुनिंबाखाली गॅरेज, शेजारी पाण्याचा माठ. त्यांनी गाडीखाली जाण्याआधी मलाच विचारलं, “ताई, कोनाले तरास होते? समोरच्याले का मागच्याले? एकटं असल्यावर का भरल्यावर?” त्याआधी मी फोनवरून दोन ठिकाणी विचारलं होतं. दोघांनीही गाडी न बघता चार शॉकअपचा भाव सांगितला होता.

त्यांनी मागचं चाक काढलं, शॉकअपवरचं धुळीचं रबरी टोपण वर सरकवलं आणि मला हाक मारली. चकचकीत दांडीवर वरच्या बाजूला फेसासारख्या रबराचा एक ठोकळा असतो. गॅरेजमध्ये कुणी जंपिंग रबर म्हणतं, कुणी बंप स्टॉप. चाक फारच वर आलं तर धातूवर धातू आपटू नये म्हणून तो शेवटचा राखणदार. आमचा ठोकळा मिस्त्रींनी बोटानं दाबला तर त्याचा भुगा झाला, शिळ्या बेसनाच्या लाडवासारखा, पिवळट, आणि तळहातावर पसरला. उरलेला तुकडा माझ्या अंगठ्याएवढा होता.

मग चाक लावून, गाडी जमिनीवर उभी करून आम्ही मोजलं. मोकळ्या गाडीत शॉकअपचं तोंड आणि त्या उरल्यासुरल्या रबराची खालची कड यांत अंतर ९ मिलिमीटर. मिस्त्रींनी दांडीला एक केबल टाय आवळून तोंडाशी टेकवून ठेवला. आई एकटी मागे बसली, मी गाडी फाटकापासून चौकापर्यंत नेऊन आणली. टाय सरकून रबराच्या पार आत रुतला होता. म्हणजे आई बसली की ते ९ मिलिमीटर बहुतेक बसण्यातच संपत होते आणि पुढचा प्रत्येक खड्डा थेट त्या रबरावर. स्प्रिंग कामाला यायच्या आधीच जागा संपलेली. मी एकटी चालवताना मागे वजन नसायचं, म्हणून तेवढी फट शिल्लक राहायची. आईच्या तक्रारीवर माझा विश्वास का बसत नव्हता, त्याचं हे ९ मिलिमीटरचं कारण.

बसलेल्या माणसाला उभ्या दिशेनं येणाऱ्या कंपनांपैकी सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणारी कंपनं सर्वांत जास्त जाणवतात, कारण धड आणि मणका त्याच ठेक्यावर स्वतःही जोरात हलू लागतात. रबरावर गाडी थडकते तेव्हा धक्का एकदम तीव्र होतो आणि या पट्ट्यातलं बरंच काही त्यात येतं. आईच्या पाठीत दोन स्क्रू आहेत. हे वाचल्यावर मी त्या रात्री नीट झोपले नाही.

राहिला प्रश्न स्प्रिंगचा. लोअरिंगच्या चांगल्या स्प्रिंगा साधारण तीन-चार सेंटिमीटर खाली बसवतात, पण जितकी जागा कमी करतात तितक्या कडकही केलेल्या असतात, म्हणजे गाडी तळाला जाणार नाही. आमची मागून त्याहूनही खाली होती. मिस्त्री म्हणाले, “जुन्या स्प्रिंगा कुठी हायेत?”

मी घरी फोन केला. आई क्षणभरही न थांबता म्हणाली, “माळ्यावर पोत्यात आहेत. दोनच आहेत.”

चार काढल्या असतील तर दोनच कशा? मिस्त्रींनी मान हलवली आणि मागची स्प्रिंग उतरवून माझ्या हातात दिली. अंगठा टोकावर फिरवून बघा म्हणाले. कारखान्यातून येणाऱ्या स्प्रिंगचं टोक बैठकीत बसेल असं घडवलेलं असतं. हे टोक तिरकं कापलेलं होतं, कड बोटाला लागत होती, ग्राइंडरच्या तापानं आलेला निळसर पट्टा लाल रंगाखालून डोकावत होता. रंगही ब्रशनं दिलेला, केस चिकटलेले. पुढच्या दोन खऱ्या लोअरिंग स्प्रिंगा होत्या. मागच्या मूळच्याच, दीड वेढा कापून लाल रंगवलेल्या. भावाकडून चारांचे पैसे घेतले होते.

कापलेली स्प्रिंग कडक का होते, हे सोपं आहे. गुंडाळलेली तार दाबली की पिळली जाते. जितके वेढे जास्त, तितका पीळ वाटून घेतला जातो. सहा कामाच्या वेढ्यांतले दीड कमी केले की उरलेल्या साडेचारांवर तेच ओझं येतं आणि स्प्रिंग तिसऱ्या हिश्शानं कडक होते. आमच्या हेलकाव्यांचा हिशोबही याच्याशी जुळला. मूळ गाडीचा ठेका मागे १.५ च्या आसपास असणार, तो १.७ वर चढला होता. पण कडक झाली तरी उंची इतकी गेली की जागा पुरेना. दोन्हीकडून नुकसान. त्यातून मोकळं टोक बैठकीतून निसटण्याची भीती वेगळीच. गाडी जोरात उसळली असती आणि स्प्रिंग जागची हलली असती तर काय, हा विचार मी अजूनही पूर्ण करत नाही.

पुढच्या बाजूला एक निराळीच गोष्ट निघाली. चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, म्हणजे आर्मच्या, टोकाला रबरी बुश असतो. बोल्ट आवळला की त्याची आतली नळी जागी पक्की होते आणि चाक वरखाली होताना रबर पिळवटतं. स्प्रिंगा बदलताना गाडी जॅकवर होती, चाकं लोंबकळत होती, तसेच बोल्ट आवळले गेले. गाडी खाली आल्यापासून ते रबर कायम पिळलेलं, म्हणजे न मागितलेली आणखी एक स्प्रिंग. मिस्त्रींनी गाडी चारही चाकांवर उभी ठेवली, गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यात उतरून बोल्ट सैल केले. कट् असा आवाज आला आणि गाडीचं नाक खाली बसलं. मी टेप लावला. चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत ३४० मिलिमीटर होतं, ते ३३४ झालं. मग तिथेच, वजन चाकांवर असताना, त्यांनी बोल्ट पुन्हा आवळले. पैसे घेतले फक्त चहाचे.

त्या संध्याकाळी भावाला फोन केला. स्प्रिंगचं टोक फोटोत बघून तो बराच वेळ गप्प होता. त्याची ती पहिली कमाई होती. गाडी खाली बसवणं हाच गुन्हा आहे असं मला वाटत नाही, त्यालाही मी ते सांगितलं. जुळणारे शॉकअप, आखूड केलेले बंप स्टॉप, योग्य कडकपणाच्या स्प्रिंगा, नंतर अलायनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणं, हे सगळं एकत्र केलं तर खाली बसलेली गाडीही माणसाला सुखानं नेते. अर्धं केलं की त्याचा भार मागच्या सीटवर जातो. तो म्हणाला, “ताई, चारही मूळच्या लाव. शॉकअप नवे घे. मी पैसे टाकतो.” मग जरा थांबून, “आईला इतके दिवस त्रास झाला का गं?”

मी खरं सांगितलं.

माळ्यावरच्या दोन स्प्रिंगा पुसून पुढे लागल्या, मागच्या दोन नव्या आणल्या. चारही शॉकअप, बंप स्टॉप, पुढची माउंटिंग बदलली. अलॉय चाकं तशीच ठेवली, ती त्याला आवडतात. मोकळ्या गाडीत मागे रबरापर्यंतचं अंतर आता ४८ मिलिमीटर आहे. मागून दाबून सोडली की एकदा येते आणि थांबते.

गुरुवारी आईला घेऊन निघाले. तुकडोजी पुतळ्याच्या अलीकडच्या त्या गतिरोधकावर मी आरशात तिच्याकडे बघत होते. गाडी खाली गेली, वर आली, बसली. आईनं सीटचा दांडा धरलेला हात सोडला आणि मांडीवरच्या पिशवीतून संत्र्याच्या गोळ्या काढल्या. सिमेंटच्या रस्त्यावर मी मुद्दाम काटा अठ्ठावीसवर ठेवला. टक, टक, टक, आणि बाकी काही नाही.

मेडिकल चौक ओलांडल्यावर ती पुढे झुकून म्हणाली, “आता आपटत नाही, झुलतही नाही. पण उजव्या चाकातून काहीतरी बारीक खडखडते बघ. तुले ऐकू येते का?”

मी काच खाली केली, एसी बंद केला. येत होतं. लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधली एक जोडदांडी, असावा. रविवारी सकाळी उन्हं चढायच्या आत मिस्त्रींकडे जायचं आहे.